कुमुदची वाकडी रोपं

कुमुद गेली त्याला दोन महिने होत आले, पण मला अजून एका जागी बसवत नाही. टोपी बाजारात रोपांच्या जाळीघरासाठी सुतळी घेत होतो, तेव्हा तिच्या भाच्याचा फोन आला. "काका, आत्या नाही राहिली." मी घरी न जाता सरळ कॉलेजच्या जाळीघरात गेलो आणि तिच्या रिकाम्या ट्रेसमोर उभा राहिलो…

बावीस वर्षं आम्ही एकाच प्रयोगशाळेत काम केलं. मी टापटिपीचा, ती पसाऱ्याची राणी. तिचा जीव झाडांच्या विषाणूंत. विषाणू पेशीत शिरला की झाड त्याच्या आरएनएचे कात्रीनं कापावेत तसे तुकडे करतं. विषाणूही चालू, ती कात्री अडवणारं प्रथिन तो तयार करतो. मग पेशीतली झाडलोट नेमकं तेच प्रथिन हेरून गिळते, असं कुमुदचं म्हणणं. "निवडून झाडते हं, तुझ्यासारखी सरसकट नाही," ती मला चिडवायची. पण काही विषाणू याच झाडलोटीकडून झाडाची कात्रीच मोडीत काढवतात, हेही तिला ठाऊक होतं. आपला विषाणू कुठल्या जातीचा? ते कळावं म्हणून तिनं तंबाखूच्या काही रोपांतली झाडलोट बंद पाडली होती. ती रोपं इतरांपेक्षा जास्त आजारी पडली, तर कुमुद खरी.

मग तीच आजारी पडली. "फक्त पाणी दे," एवढंच सांगून गेली. आठवड्याभरात उजवीकडच्या ट्रेमधली रोपं पिवळी, सुरकुतलेली दिसली आणि माझे हात शिवशिवले. कुंड्यांवर नुसते आकडे; तिची वही उघडायचे कष्ट मी घेतले नाहीत. रोग पसरेल म्हणून सगळी उपटून जाळली. वही त्यानंतर पाहिली: झाडलोट बंद पाडलेली रोपं तीच होती, आणि त्यांची मोजमापं अजून व्हायची होती.

त्याच संध्याकाळी कंपू भागातल्या इस्पितळात तिला भेटायला गेलो. "मधू, माझ्या वाकड्यांची तबीयत कशी आहे रे?"

"वाकडीच आहेत," मी म्हणालो.

"बहुत बढ़िया! मग आपण जिंकलो की." ती इतकी खूश झाली, की खरं सांगायचं धैर्य मला झालं नाही. चौथ्या दिवशी ती गेली. माझी लाज वाटते मला.

वहीच्या खिशात त्याच बियांची पुडी सापडली. नवी रोपं वाढवली, विषाणू दिला. आता तिच्या स्टुलावर जाऊन बसतो, उठतो, पुन्हा बसतो. जन्मभर रोपं जगावीत म्हणून धडपडलो. काल एका पानाची कड किंचित वळल्यासारखी वाटली… ऊन असेल. तरी वाकून त्याला म्हणालो, "वळ रे बाबा, तिला खोटं सांगून बसलोय मी."