साठ की एकशे वीस

फिटरकाकांचं उभं आयुष्य पाण्याच्या पंपांशेजारी गेलं. निवृत्तीनंतरही दुपारी ते मागच्या पायरीवर नट फिरवायचे लोखंडी पाने पुसत बसायचे. उजव्या हाताच्या पेरांवर पांढरा व्रण होता. विशीत पाना बाहेरच्या अंगाला ओढला, तो नटावरून सटकला आणि मूठ लोखंडावर आदळली. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद : पाना नटात रेटून फिरवावा.

त्या दुपारी सून वही घेऊन शेजारी बसली. डिप्लोमाच्या गणितात ती दोनदा आपटली होती. उद्या तिसरी आणि शेवटची संधी.

"बाबा, दोन सदिशांमधला कोन काढायचाय. सदिश गुणाकारावरून साठ अंश येतोय, पुस्तकात एकशे वीस."

"ह्यांना कसलं विचारतेस? अजून बोटांवर मोजतात!" आतून सासूबाई म्हणाल्या.

"बोटांची सालटी पंपाला वाहिली, तरी मोजतो," काका हसले. "सदिश म्हणजे काय गं?"

"लांबी आणि दिशा असलेला बाण."

"मग हा पाना एक बाण, नटापासून हातापर्यंत. तुझी ओढ दुसरा. आणि गुणाकार?"

"दोन्ही मिळून नटाला किती पीळ देतात, तो."

काकांनी जुन्या पंपाच्या नटावर पाना चढवला. "ओढ. हात जरा बाहेर, नटापासून लांब झुकव."

नट हलला, पण पाना सटकून तिच्या हातात आला.

"आता तितकाच तिरका, पण आत, नटाकडे."

नट तसाच हलला. पाना जागेवर घट्ट.

"पीळ सारखाच की!" ती म्हणाली.

"नटाला सारखाच. पान्याला विचार ना."

तिने घाईघाईने वही उघडली. बाहेरची ओढ साठाची, आतली एकशे विसाची. सदिश गुणाकाराला हा फरक दिसतच नाही. तो सांगतो अदिश गुणाकार, म्हणजे ओढ पान्याच्या दिशेने किती ते : उत्तर उणे आलं की ओढ आत. तिचं उणेच आलं होतं, आणि तिने ते चूक समजून खोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी काका तासभर एकच पाना पुसत होते. "कातडी निघेल त्याची," सासूबाई म्हणाल्या, पण स्वतःही दारातून हलल्या नाहीत.

फाटक वाजलं. काकांनी मान वर न करताच विचारलं, "काय गं, आत की बाहेर?"

"आत, बाबा. आधी साठ लिहिलं होतं. उणे दिसलं आणि साठ खोडलं."

काकांनी पाना खिळ्याला अडकवला आणि चहा टाकायला सांगितलं.