बोडक्या डोंगरावरची हाळी

लिहिणं हे माझं काम नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्या घरात आजवर कुणी काही लिहिलं असेल तर ते लग्नपत्रिकेच्या पाकिटावरचं पाहुण्यांचं नाव, आणि तेही शेजारच्या गुरुजींकडून लिहून घेतलेलं. त्यामुळे वाचणाऱ्याचा वेळ मी घेतोय याचा संकोच वाटतो. शिवाय जे सांगायचंय त्यात मी कुठलं शौर्य केलेलं नाही. माझ्या चुलत भावाने एक हाळी दिली आणि त्या हाळीचा मला हेवा वाटला. एवढीच गोष्ट आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव इगतपुरीच्या बाजूला, घाटमाथ्यावर. वडील रेल्वेत गँगमन. त्यांना आम्ही आबा म्हणतो. मी नाशिकला वसतिगृहात राहून बी.एस्सी. करतो, विषय फिजिक्स. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चुलत भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बारावीत दोनदा अडकला आणि मग जीप चालवायला लागला. दिवसभर स्टँडवर उभा राहून "घोटी घोटी घोटी" असं ओरडतो. त्याचा आवाज असा की बस पकडायला निघालेली माणसं परत फिरून त्याच्या जीपमध्ये बसतात.

गेल्या वर्षी गावात वायरलेसचा टॉवर उभारायचं ठरत होतं. मोबाइलचा नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, पाठोपाठ रेंज जाते, आणि कुठे दरड आली, कुठे नाल्याला पाणी चढलं तरी कुणाला कळत नाही. अशा वेळी पोलीस, अग्निशमन, अँब्युलन्स आणि धरणावरची माणसं यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून हा टॉवर. जागा ठरली होती बोडका डोंगर. तिथवर रस्ता जातो आणि जमीन सरकारी आहे. पण ग्रामसभेची संमती हवी होती, आणि तालुक्याहून पाहणीसाठी साहेब येणार होते.

सरपंचताईंचा मला फोन आला. "तू शिकलेला हायेस. सभेत गावाच्या बाजूनं चार शब्द तूच बोल."

त्या फोननंतर मी अभ्यास सोडून भाषणच लिहीत बसलो. लहरी, वारंवारिता, सगळं घातलं. खोलीतल्या आरशासमोर पाठ केलं. खरं सांगायचं तर मला टॉवरची तेवढी काळजी नव्हती. मला एकच गोष्ट हवी होती. सभेत मी बोलावं, आणि आबांनी शेजारच्या माणसाकडे वळून म्हणावं, "माझा पोरगा हाय तो." तीन वर्षं त्यांनी फोनवर मला एकच प्रश्न विचारला आहे, "जेवलास का?" मी काय शिकतो हे त्यांना विचारता येत नाही आणि मलाही सांगता येत नाही. सभेत ते एकदाच सांगून होईल असं वाटलं.

सभा समाजमंदिरात भरली. आबा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. सुरुवातीलाच गलका. एकजण म्हणाला, टॉवरनं चिमण्या मरत्यात. दुसरा म्हणाला, वीज बरोबर टॉवरवरच पडती, म्हणजे आपल्यावर नाय पडणार, येऊ द्या की. मागून एका पोराने विचारलं, "साहेब, फुकट नेट मिळंल का?" साहेब हसले. मग ताईंनी माझं नाव घेतलं.

मी वाचायला लागलो. माईक मध्येमध्ये शिट्टी वाजवत होता. दुसऱ्या पानावर असताना पुढे बसलेली एक म्हातारी सुनेला म्हणाली, "हा काय म्हंतोय गं?" सून म्हणाली, "इंग्रजी हाय." मी मराठीतच बोलत होतो. आबा खाली मान घालून चपलेचा अंगठा नीट करत होते.

तेवढ्यात दारात टेकून उभा असलेला भाऊ म्हणाला, "थांब रं प्रोफेसर, घोटभर पाणी पी. साहेब, मी एक विचारू?"

साहेबांनी मान हलवली.

"बोडक्याच्या पाठीमागं आमचा पाडा हाय, नाल्यापलीकडं. आमची आत्या राहती तिथं. पावसाळ्यात खरी गरज त्यांनाच हाय. आन बोडक्यावरनं पाड्यात माझी हाळी जात नाय. माझी! सगळ्या स्टँडला विचारा. माझी जात नाय, तर तुमच्या टॉवरची काय जाईल?"

सगळे खदखदून हसले. जी म्हातारी मला इंग्रज समजली होती तीही टाळ्या पिटायला लागली. माझ्या हातात अजून दोन पानं होती. ती मी घडी करून खिशात घातली.

साहेब माणूस चांगला होता. म्हणाला, चला, नाहीतरी जागा बघायचीच आहे. निम्मं गाव बोडक्यावर चढलं. भावाने तोंडाभोवती हात धरले आणि "आत्येऽऽऽ" अशी हाळी दिली. खालच्या झाडीतली पाखरं उडाली, पण पाड्यातून काही उत्तर आलं नाही. परत दिली. नाही. मग तो म्हणाला, "आता खिंडीच्या टेकाडावर चला."

खिंडीचं टेकाड बोडक्याहून बुटकं. तिथे वर जायला फक्त पायवाट आहे. तिथून त्याने एकच हाळी दिली आणि जरा वेळाने खालून आत्याचा आवाज आला, बारीक पण स्वच्छ.

"कोण गेलं रंऽऽऽ?"

पोरं हसली. मोठी माणसं हसली नाहीत. साहेबांनी विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

ताईंनी सांगितलं. पावसाळ्यात नाला भरला की पाड्याकडे जाता येत नाही. मग कुणी वारलं तर या टेकाडावरून हाळी देऊन कळवायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. एरवी इथून कुणी हाक मारत नाही. म्हणून इथून हाळी आली की पाड्यातला माणूस आधी हेच विचारतो.

खाली आत्या पदर खोचून नाल्याकडे धावताना दिसत होती. भाऊ जिवाच्या आकांताने ओरडला, "कुणी नाय गेलं आत्ये! टावर येतोय, टावर!" तरी ती थांबली नाही. नाल्याच्या काठापर्यंत आली, वर बघून माणसं ओळखत राहिली, आणि मग मटकन दगडावर बसली. तिथून तिने भावाला ज्या शिव्या घातल्या त्याही स्वच्छ ऐकू आल्या.

साहेब बराच वेळ खाली बघत होते. मग म्हणाले, "पण हा आवाज झाला. वायरलेसचं शास्त्र वेगळं असतं. हाळीवरून टॉवरची जागा ठरत नाही." आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही फिजिक्सचे ना? सांगा यांना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आबांनीही. साहेब म्हणत होते ते खरंच होतं. नुसतं "हो" म्हटलं असतं तर भावाचा फुगा तिथेच फुटला असता, आणि मला तो फुटायला हवा होता. पण खाली आत्या अजून दगडावर बसलेली होती. मी म्हणालो, "वेगळं आहे, साहेब. पण या वायरलेसला समोरचा भाग उघडा लागतो. मध्ये डोंगर आला तर हाळीसारखंच तेही अडतं. इथून पाडा दिसतो, बोडक्यावरून दिसत नाही. यंत्र लावून दोन्हीकडून मोजून बघा."

मग कुणीतरी ओरडलं, "बघा! हा पण त्येच म्हंतोय!" आणि सगळे भावाभोवती गोळा झाले. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रं प्रोफेसर!" ती थाप मला संध्याकाळपर्यंत जाणवत होती. ओरडून तो घामाघूम झाला होता. आबांनी आपल्या खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्याला पुसायला दिला. मीही तोच डोंगर चढलो होतो. मलाही घाम आला होता.

नाशिकला परत आलो. अभ्यासाला बसलो की तो टॉवेल दिसायचा. वर्गात सर लहरींबद्दल शिकवायचे तेव्हा माझ्या कानात "घोटी घोटी" वाजायचं. मला भौतिकशास्त्र येतं, त्याला ओरडता येतं, आणि माणसांना ओरडणं कळतं, असं मी मनाशी पुन्हापुन्हा म्हणायचो. आबांना फोन केला की टॉवरचं काय झालं हे विचारायचा धीर होत नसे. ते विचारत, "जेवलास का?" मी म्हणे, "हो." मग ते फोन ठेवत.

पाऊस सुरू व्हायच्या आधी भावाचाच फोन आला. गावात जांभळीखाली रेंज येते, तिथून बोलत होता.

"ऐक, टावर खिंडीच्या टेकाडावर मंजूर झाला. यंत्र लावून मोजलं म्हणं. बोडक्यावरनं पाड्यात कायबी पोचलं नाय."

"बरं झालं," मी म्हणालो. "तुझ्या हाळीनं काम झालं."

"हाळीनं कसलं रं! साहेब परवा सभेत सांगून गेले. म्हणले, हाळी आम्ही हसण्यावारी नेली असती. पण तो फिजिक्सवाला पोरगा मोजून बघा म्हणला, म्हणून माणसं पाठवली. तुला आबांनी नाय सांगितलं?"

"नाही."

"कमाल हाय. अरे, साहेब बोलत व्हते तवा आबा उभेच राहिले सभेत. शेजारच्याला म्हणले, माझा पोरगा हाय तो. मग पलीकडच्याला म्हणले. मग मला म्हणले, जसा काय मी तुला ओळखतच नाय! चेहरा बघायला पायजे होतास तू."

पुढे तो बराच वेळ बोलत राहिला. जीपचं, पावसाचं, आत्या अजून त्याच्याशी नीट बोलत नाही त्याचं. मी हूं हूं करत होतो. तीन वर्षं जे ऐकायची वाट पाहत होतो ते अखेर कानावर आलं होतं. पण ते त्याच्या आवाजात आलं. आणि आबांचा तो चेहरा त्याने पाहिला होता, मी नाही.