जपानी गाडीचा भरवसा

परवा नातवानं गाडीचं बॉनेट उघडलं, अन् गरम इंजिनाच्या पाण्याचा तो गोडसर वास आला तशी मी ओट्यावरच बसले. सांगते. मिरजगावला आमच्याकडं जुनी जपानी गाडी होती. अकरा वर्षांत एकदाही रस्त्यात बंद पडली नाही, म्हणून आमचे मालक तिला गॅरेज दाखवायचेच नाहीत. भर उन्हाळ्यात एका दुपारी सासऱ्यांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. शेजारचे भाऊजी धावत आले, "माझी जीप काढतो." मालक म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आमची जपानी हाय, दगा द्यायची न्हाई." नगरच्या वाटेवर इंजिनाच्या गरमीचा काटा लाल रेघेला टेकला. मी म्हटलं, "अहो, थांबवा की!" तर म्हणतात, "काटा बिघडला असंल. गाडी न्हाई." पुढं वाफ उसळली अन् उघड्या माळावर गाडी बंद पडली. कांद्याच्या टेम्पोतून दवाखाना गाठेस्तोवर दीड तास गेला. सासरे वाचले, पण उजवा हात लुळाच राहिला. मालक मरेपर्यंत स्वतःला बोल लावत राहिले, "म्या काट्याचं ऐकलं न्हाई." खरं तर गाडी बंद पडायच्या आधी आठ दिवस रोज सकाळी गाडीखाली इंजिनातलं हिरवट पाणी सांडलेलं मला दिसायचं, अन् मी त्यावर शेणाचा सडा टाकून रांगोळी काढायची. जपानी गाडीला काय होतंय, असं मलाही वाटायचं. त्यांना हे मी कधीच सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.