मास्तरांच्या गाडीची तांबडी रेघ

अत्यंत गांभीर्याने आणि पूर्ण जबाबदारीनिशी मी आज एक निवेदन करत आहे. वाचकांनी शक्य असल्यास उभं राहून वाचावं. पोलीस खात्यात आजवर नाना साधनांनी केस सोडवल्या गेल्या. कोणी बोटांच्या ठशांवरून सोडवली, कोणी कुत्र्याच्या नाकावरून. पण केस वाळवायच्या यंत्राने केस सोडवणारा अधिकारी माझ्या माहितीत एकच आहे. तो सध्या निवृत्त होऊन हिंगोलीत स्वतःच्या घराच्या ओट्यावर बसला आहे आणि हे लिहीत आहे.

ती घटना मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. डोंगरकडा गावाच्या अलीकडच्या रस्त्यावर संध्याकाळी एका गाडीने मेंढपाळाला उडवलं आणि गाडी न थांबता निघून गेली. मेंढरं वाचली, माणसाचा पाय मोडला. त्याला हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात हलवलं. आमच्या हवालदार बाई आणि मी जबाब घ्यायला गेलो. गडी पन्नाशीचा, काटक, आणि पायापेक्षा त्याची जीभ जास्त ठणकत होती.

"गाडी कसली होती?"

"पांढरी. बाजूनं लाल पट्टी."

"लहान की मोठी?"

"आंगावर येणारी गाडी मोठीच दिसते, साहेब."

"नंबर?"

"मेंढरं बघू का नंबर बघू? तुमी बी काय इचारून राहिले!"

घटनास्थळाच्या पंचनाम्यात रस्त्याकडेला वीतभर लांबीचा एक तुकडा मिळाला. विनाईलची तांबडी पट्टी. गाडीच्या दारांवर बाजूने लावतात ना, शेजारच्या गाडीचं दार आपटलं तर रंग उडू नये म्हणून, ती. दुकानदार तिला बीडिंग म्हणतात. तुकड्याच्या एका कडेला पिवळा डाग होता. पंचनाम्यात तो नोंदवला आणि विसरून गेलो. हिंगोली जिल्ह्यात पिवळ्या डागाचं कौतुक ते काय करायचं? हळदीच्या हंगामात आमच्या ठाण्याच्या खुर्च्यासुद्धा पिवळ्या होतात.

अपघातानंतर दोन दिवसांनी खबर आली. माझी खबरी म्हणजे ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या एक बाई. त्यांच्याइतकी बातमी कुणाला लागत नाही, कारण खुर्चीत डोळे मिटून बसलेलं गिऱ्हाईक सगळं बोलतं.

"साहेब, माझं नाव घेऊ नका. तुमी लाल पट्टीची पांढरी गाडी धुंडून राहिले ना?"

"हो."

"आमच्या शेजारचे ड्रॉइंग मास्तर आज सकाळी माझं केस वाळवायचं मशीन घेऊन गेले. काहून म्हणलं, तर म्हणे गाडीची लाल पट्टी सोलायची हाय."

मी खुर्चीतून उठलो. पुरावा नष्ट केला जात होता, दिवसाढवळ्या!

"अन् साहेब," बाई म्हणाल्या, "अटक नंतर करा. आधी मशीन परत द्यायला लावा. लग्नाचे दिवस हायेत, गिऱ्हाइकं ओल्या केसांनी बसून राहिलीत."

मास्तरांना सगळा तालुका ओळखत होता. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे जुनी, गोल पाठीची पांढरी गाडी होती. एके काळी मंत्र्यांच्या आणि कलेक्टरांच्या दारात उभी असायची तीच जात. लहानपणी गावात आलेल्या साहेबाच्या अशा गाडीला हात लावला म्हणून त्यांनी शिपायाचा मार खाल्ला होता. पुढे नोकरी लागल्यावर त्यांनी तसलीच गाडी लिलावात घेतली आणि रोज हात लावला. येत्या रविवारी त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न होतं. विहाराच्या पटांगणात मांडव पडला होता. मुलगी याच गाडीतून मांडवात येणार, हे मास्तरांनी ती पाळण्यात असल्यापासून लोकांना सांगून ठेवलं होतं.

आणि मी ती गाडी जप्त करायला निघालो होतो. जप्त गाडीचं ठाण्याच्या आवारात काय होतं, हे आमच्याकडे लहान लेकराला विचारलं तरी सांगेल. कोर्टातून सुपूर्दनामा, म्हणजे गाडी परत ताब्यात घेण्याचा कागद, करून ती सोडवेपर्यंत टायर बसतात, आणि सोडवायला कोणी आलंच नाही तर बॉनेटमधून बाभूळ वर येते.

आम्ही पोहोचलो तेव्हा मास्तर अंगणात उकिडवे बसले होते. डाव्या हातात पार्लरवाल्या बाईंचं गुलाबी मशीन, उजव्या हातात पतंगाचा नायलॉनचा दोरा.

"जय भीम, साहेब! बराबर वेळेवर आले. पण या बाजूनं नका येऊ, धूळ उडते."

"मास्तर, परवा संध्याकाळी गाडी कुठं होती?"

"इथंच. हे मशीन जरा धरता का? मला दोन हात पुरून न्हाई राहिले."

मी धरलं. का धरलं, हे मला खात्याच्या चौकशीत सांगता आलं नसतं. समोरचा इतक्या विश्वासाने वस्तू पुढे करतो की हात आपोआप पुढे जातो, एवढंच म्हणेन.

"जवळ नका नेऊ, रंग फुगंल! लांब बी नको. हां, तिथंच. हलवत राहा. पापड भाजता तसं."

"मास्तर, मी चौकशीला आलोय."

"व्हय ना. चौकशी चालू द्या, हात तेवढा थांबवू नका."

पट्टीखालचा वाळका गोंद उबेने नरम झाला की मास्तर तिच्यामागे दोरा घालत आणि दोन्ही टोकं धरून करवतीसारखा ओढत. पट्टी सुटत जाई. मी प्रश्न विचारत होतो आणि ते उत्तरं देत होते, पण प्रत्येक उत्तर शेवटी पट्टीवर येऊन थांबत होतं. परवा घरी कोण होतं? पाहुणे होते, अन् साहेब, पट्टी कधी ओढून काढू नये, रंग घेऊन येते. गाडी शेवटची कधी चालवली? मागच्या महिन्यात, अन् उन्हात उभी केली म्हणून तर हिचे कोपरे वळले ना.

हवालदार बाई पेन थांबवून म्हणाल्या, "साहेब, जबाबात 'पापड भाजतात तसं' लिहू का?"

"लिहू नका!"

"लिहिलं."

शेवटी मी पारदर्शक पिशवीतला तुकडा त्यांच्या नाकासमोर धरला. "ही पट्टी अपघाताच्या जागी सापडली. तुमच्याच गाडीची ना?"

मास्तरांनी पिशवीवरूनच तुकडा बोटांनी दाबला, वाकवला. मग नुकती सोललेली पट्टी उचलून माझ्यासमोर दुमडली. ती कडकन मोडली.

"ही बगा माझी. इतकी वर्षं ऊन खाल्लेली. तुमची वाकून राहिली, मोडत न्हाई. तुमची नवी हाय, साहेब. मागचा टेप बी पांढरा, मऊ. माझा बगा, काळा पडून दगड झाला."

बरोबर होतं. आधी सोललेल्या तिन्ही जुन्या पट्ट्या बाजेवर मांडल्या होत्या, आणि चौथी नुकतीच माझ्यासमोर अख्खी सुटली होती. सगळ्यांची टोकं शाबूत, कुठेही वीतभर तुटलेलं नाही. माझ्या हातातला संशयित गेला आणि मशीन तेवढं राहिलं. इतका वेळ गरम हवा देऊन मी एका निरपराध माणसाला मदत केली होती. मी चिडून म्हणालो, "पण मग ऐन लग्नात जुनी पट्टी काढून नवी लावायचे उद्योग कशाला? लग्न झाल्यावर लावता आली नसती?"

"पोरगी वाकड्या पट्टीच्या गाडीतून जाईल का?" मास्तर माझ्याहून जास्त चिडले. "तीस वर्षं पोरांना सरळ रेघ शिकवली म्या!"

मी मशीन ठेवून निघणार, तोच ते म्हणाले, "साहेब, जाता जाता या दोरीचं टोक धरा. एकच मिनिट."

त्यांनी सुती दोरी एका वाटीतून काढली. वाटीत हळद होती. एक टोक माझ्याकडे, पुढच्या चाकापाशी. दुसरं त्यांच्याकडे, मागच्या दिव्यापाशी. दोरी ताणून त्यांनी मधोमध चिमटीत धरली आणि सोडली. टप्. पांढऱ्या रंगावर लांबलचक, केसासारखी सरळ पिवळी रेघ उमटली.

"सुतार गेरूची मारतात," मी म्हणालो.

"गेरू डाग सोडते. खडू पांढऱ्यावर दिसत न्हाई, पेन्सिल ओरखडते. हळद बेस. रेघेला पट्टीची वरची कड लावायची, अन् उरलेली हळद उन्हानं आपोआप उडून जाते. ही माझी युक्ती. आख्ख्या जिल्ह्यात दुसरं कोणी असं करत न्हाई!"

ते छाती काढून उभे होते. मी पिशवीतल्या तुकड्याकडे बघत होतो. त्याच्या वरच्या कडेला, एका बाजूने, सरळ पिवळी किनार होती.

"मास्तर, या गाडीच्या आधी तुम्ही हळदीची रेघ कुठल्या गाडीला मारली?"

आल्यापासून अखंड बोलणारा माणूस पहिल्यांदा गप्प झाला. चौकशीतली माझी एक साधी पारख आहे. आधीच गप्प असलेल्याची गप्प राहण्याची सवय असू शकते. बोलका माणूस गप्प झाला की उत्तर त्याच्या तोंडात आलेलं असतं आणि त्याला ते गिळायचं असतं.

"बाबा, सांगा," आतून आवाज आला. मुलगी दारात उभी होती. "न्हाई तर मी सांगते."

"पोरी, लग्न मोडंल," मास्तर हळूच म्हणाले.

"अन् न्हाई सांगितलं तर साहेब हीच गाडी नेतील. मग मी काय त्या दुसऱ्या गाडीत बसून जाऊ, माणूस पाडून आलेल्या?"

मास्तर खाली बसले. मग बोलले. परवा दुपारी त्यांचे व्याही, म्हणजे मुलीचे होणारे सासरे, नवी पांढरी जीप घेऊन आले होते. वरातीत दोन्ही गाड्या जोडीने दिसाव्यात म्हणून मास्तरांनी तिलाही तीच तांबडी पट्टी लावून दिली. "आधी तिच्यावर हात साफ करून घेतला," हे त्यांनी मान खाली घालून कबूल केलं. संध्याकाळी व्याही डोंगरकड्याच्या रस्त्याने घरी गेले होते.

व्याह्यांच्या दारात जीप ताडपत्रीखाली होती. ताडपत्री उचलली. डावीकडच्या दारावर वीतभर जागा मोकळी. पिशवीतला तुकडा समोर धरल्यावर व्याह्यांनी प्रश्नाचीसुद्धा वाट पाहिली नाही. ओसरीवर बसून रडले.

"घाबरलो, साहेब. वाटलं, थांबलो तर गाडी जमा होते, मी आत जातो, पोराचं लग्न ऱ्हाते. वाटलं, माणसाला नुसतं खरचटलं असंल."

नवरा मुलगा शेजारी उभा होता. त्याने बापाकडे पाहिलं नाही, मला म्हणाला, "चला साहेब, मी पण येतो ठाण्यात." गुन्हा दाखल झाला, जीप जप्त झाली, व्याह्यांना जामीन मिळाला. मग मुलीचा निरोप आला. लग्न करायचं की नाही ते ती नंतर सांगेल; आधी सासऱ्यांनी दवाखान्यात जाऊन त्या माणसापुढे उभं राहावं, आणि तीही सोबत असेल.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. पार्लरचं मशीन वेळेवर परत करावं, हे शिकवलंच. त्या बाई त्यानंतर कित्येक दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण दुसरी गोष्ट जास्त त्रास देते. इतकी वर्षं मी पळून जाणाऱ्यांना निगरगट्ट समजत आलो. यातले कितीतरी जण निगरगट्ट नसतात. थांबल्यावर काय होईल याचं चित्र त्यांच्या डोक्यात असतं, आणि त्या चित्रात आमच्या आवारातली बाभूळ उगवलेली गाडी असते. त्याने गुन्हा कमी होत नाही. एक माणूस मोडक्या पायाने रस्त्यावर पडून राहिला, याला माफी नाही. पण रस्त्यावर लोकांनी थांबायला हवं असेल, तर थांबलेल्या माणसाशी आम्ही कसं वागतो हेही बघायला हवं, असं मला वाटू लागलं. हे मी वरिष्ठांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला विश्रांती घ्यायचा सल्ला दिला.

पुरवणी जबाबासाठी मीही त्या दिवशी दवाखान्यात होतो. वॉर्डात मेंढपाळ प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून पडला होता. व्याही पलंगाच्या पायथ्याशी हात जोडून उभे. मागे नवरा मुलगा. एका बाजूला मास्तर, आयुष्यात दुसऱ्यांदा गप्प. मुलगी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होती. व्याही कसंबसं म्हणाले, "चुकलं माझं. रविवारी पोराचं लग्न हाय. झालं तर... तुमी यायला पायजे."

वॉर्डातले सगळे पेशंट कान टवकारून बसले. मेंढपाळाने व्याह्यांना खालून वर न्याहाळलं, मग स्वतःच्या पायाकडे पाहिलं आणि एवढ्या मोठ्याने ओरडला की नर्स धावत आली:

"अरे येड्या, तवाच थांबला असता तर दोन शिव्या हासडून, तुझ्याच गाडीत बसून दवाखान्यात आलो असतो की! आता लग्नाला बोलावून राहिला, नाचू का मी या पायावर?"