अण्णा निवर्तले

चहाचा घोट तोंडात असेल तर आधी गिळून टाका, नाहीतर ठसका लागेल. कारण मी एका धडधाकट, जिवंत माणसाला मारलं होतं. आणि तेही शुद्ध मराठीत!

बडोद्यात राहून शुद्ध मराठीचा हट्ट धरणारा बहुधा मी एकटाच. इथे घरोघर भाजीचं शाक आणि जेवणाचं जमण झालेलं; 'शाक झालं, जमायला बसा' असली भाषा. ती ऐकली की माझ्या अंगावर काटा येतो.

दांडिया बाजारात आमच्या मराठी मंडळाच्या दारात एक फळा होता. कुणी गेलं की त्यावर लिहायचं काम माझं. मजकूर ठरलेला : 'अमुक कारखान्याचे कर्मचारी श्री. तमुक निवर्तले. अत्यंत प्रेमळ, मनमिळाऊ व कर्तव्यदक्ष.' जन्मभर बायकोवर खेकसलेला माणूसही माझ्या खडूखाली आला की प्रेमळ व्हायचा!

अण्णा माझा जिवलग मित्र. राहायला गावाबाहेरच्या समा भागात, नोकरी कारखान्यात. त्याच्या मुलानं गुजराती मुलगी केली, हेतल. गोड पोर, सासऱ्याला पपा म्हणायची. तिला मराठी शिकायची हौस, आणि शिकवायला कोण? मी! ती 'टाइम' म्हणाली की मी 'वेळ' म्हणून डोळे वटारायचो. बिचारी माझ्याशी बोलायच्या आधी मनातल्या मनात उजळणी करायची.

तेव्हा कारखान्यांमधून माणसं कमी करायची साथ आली होती. अण्णाचं काही माझ्या कानावर नव्हतं. एका संध्याकाळी हेतलचा फोन.

"काका, पपा निवर्तले."

"काय? कधी?"

"आज दुपारी. कंपनीतच."

"अगं, पण कसं झालं?"

"साहेबांनी बोलावलं, कागद पुढे ठेवला. पपांनी सही केली, अन् बस! निवर्तले."

सही करता करता! केवढी ही कर्तव्यदक्षता!

"फार त्रास झाला का गं?"

"सगळ्यांना रडू आलं. मग हार घालून कंपनीच्या गाडीतून घरी आणलं. आता हॉलमध्ये शांत पडलेत. तुम्ही या ना काका, लोक येतात आहेत. दोन शब्द बोला."

पोर काय धीराची, मला वाटलं.

आता शहाणा माणूस काय करेल? धावत सुटेल. मी आधी कागद शोधला! पण खरं सांगतो, त्या दिवशी ठरलेला मजकूर हाताला येईना. 'माझ्या आजारपणात सख्खा भाऊ फिरकला नाही, तेव्हा हा रोज उशाशी बसून होता,' असं लिहिलं आणि हुंदका फुटला. हे मी त्याला कधी बोललोच नव्हतो.

मग जाता जाता फळा रंगवला. म्हणता म्हणता बाजारभर झालं, आणि पांढऱ्या कपड्यांतली मंडळी रिक्षांत भरून समाला निघाली.

सोसायटीत पोचलो तर दारात चपलांचा ढीग, अंगणात भाड्याच्या खुर्च्या. शंकेला जागाच नाही! मी हंबरडा फोडतच आत शिरलो, "अण्णा, असा कसा रे गेलास!"

"कुठे गेलो? इथेच आहे की!"

सोफ्यावर अण्णा. गळ्यात हार, हातात बडोद्याच्या ओलसर, लिल्या चिवड्याची बशी!

शेजारचे गुजराती गृहस्थ ओरडले, "अरे भाई, रिटायर थया छे, गुजरी नथी गया!"

हेतल रडवेली झाली. "फळ्यावर तुम्हीच लिहिता ना काका, 'कारखान्याचे कर्मचारी निवर्तले'? मला वाटलं, रिटायरचं शुद्ध मराठी तेच!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात अण्णानं माझ्या हातातला कागद ओढला. वाचत गेला. आजारपणाच्या ओळीवर थबकला.

"हे आधी का नाही बोललास?"

"तू कुणाला बोलू देतोस?"

"कंपनीनं दोन ओळींत वाटेला लावलं रे मला," तो म्हणाला. "तुझं निदान पानभर आहे. वाच. मोठ्यानं वाच."

उभा राहिलो. प्रत्येक 'होता'चा 'आहे' करत, घामाघूम होत शेवटपर्यंत आलो. अण्णा डोळे पुसत होता. सुटलो, असं वाटलं. आणि तिथेच जिभेनं सवयीनं घात केला.

"ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो. आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या!"

सगळे उभे राहिले. मान खाली घालून, हारासकट, अण्णासुद्धा!

त्या शांततेत हेतल माझ्या कानाशी वाकली. "काका, हे जे चाललंय, त्याला शुद्ध मराठीत काय म्हणतात?"

"गाढवपणा," मी म्हणालो. "आणि हा शब्द, पोरी, अगदी बरोबर आहे."