पिवळ्या डब्यावरचं पांघरूण

आमच्या साडूंइतका झाकणारा माणूस या पृथ्वीतलावर दुसरा झालेला नाही आणि पुढे होईल अशी चिन्हंही दिसत नाहीत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे नागपूरचे, गेली कित्येक वर्षं आयर्लंडमध्ये स्लायगोला भूलतज्ज्ञ. सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात, म्हणून मीही डॉक्टरच म्हणतो. जगात उघडी वस्तू दिसली की त्यांचा जीव कासावीस होतो. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, आणि ती कव्हरं मळू नयेत म्हणून वरून पातळ प्लास्टिक. रिमोट त्यांनी चिकटफिल्ममध्ये इतक्या वेळा गुंडाळलाय की बटणं दिसत नाहीत, नुसती हाताला लागतात, आणि मग बातम्या लावायला जावं तर घोड्यांच्या शर्यती लागतात. त्यांच्या प्लास्टिक घातलेल्या सोफ्यावर उन्हाळ्यात हाफ पँट घालून बसलेला पाहुणा उठताना असा आवाज होतो की घरातले सभ्यपणे खिडकीबाहेर बघतात. ऑपरेशन टेबलावरच्या पेशंटला थंडी वाजू नये म्हणून ते एवढी पांघरुणं घालायचे, की एकदा तिथला आयरिश सर्जन अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, "डॉक्टर, मला कापायचंय तेवढं तरी उघडं ठेवा."

अशा माणसाने आयर्लंडसारख्या देशात कॅम्परव्हॅन घ्यावी, याला काय म्हणावं? इथे पाऊस पडतो असं म्हणणं चूक आहे. पाऊस इथे राहतो आणि अधूनमधून बाहेर जातो. पण डॉक्टरांनी व्हॅन घेतली. छोटा ओटा, छोटा फ्रिज, बाकावर उलगडणारं अंथरूण, सगळं त्यात होतं. कॅम्पसाइटवर प्रत्येक गाडीच्या जागेपाशी एक विजेचा खांब असतो. त्यातून केबल आणायची आणि गाडीला जोडायची, की दिवे, हीटर, किटली सगळं चालू. लोक एवढंच करतात आणि चहा टाकतात. पण डॉक्टर नागपूरला व्होल्टेज वरखाली होताना बघत लहानाचे मोठे झालेले. त्यांनी खांब आणि केबलच्या मध्ये लावायला एक सर्ज प्रोटेक्टर मागवला. विटेएवढा पिवळा डबा. विजेत काही गडबड झाली की हा मध्येच प्रवाह तोडतो आणि गाडीतली यंत्रं वाचवतो. थोडक्यात, गाडीचं रक्षण करायला डबा आला. मग डॉक्टरांच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहिला, की डब्याचं रक्षण कोण करणार?

"अरे, हा बिचारा बाहेर गवतात, पावसात, आणि आपण आत पोहे खातो," ते मला पहिल्याच सहलीत म्हणाले. "घशाखाली उतरते का तुझ्या?" माझ्या उतरत होते. पण त्यांनी बशी खाली ठेवली आणि बाहेर जाऊन डब्यावर स्वतःचा रेनकोट घातला. नुसता टाकला नाही, घातला. बटणं लावली, टोपी ओढली. मग स्वतः चिंब भिजून आत आले आणि समाधानाने गार पोहे खाल्ले. लांबून त्या खांबापाशी कुणीतरी बुटका माणूस उकिडवा बसल्यासारखं दिसत होतं, आणि कॅम्पच्या मालकीणबाई दोनदा येऊन त्याची चौकशी करून गेल्या.

पुढच्या सहलीला त्यांनी सशाचं लाकडी घर विकत आणलं. उतरतं छप्पर, समोर जाळीचं दार. डबा आत ठेवला, केबल मागच्या भोकातून घेतली आणि खाली गवत टोचू नये म्हणून टॉवेल अंथरला. तासाभरात शेजारच्या कॅरव्हॅनमधली लहान मुलं गाजरं घेऊन हजर झाली. डॉक्टरांनी त्यांना विजेच्या दाबाविषयी सोप्या भाषेत सगळं समजावून सांगितलं. मुलांनी शांतपणे ऐकून घेतलं, जाळीतून गाजरं आत सारली आणि निघून गेली. सकाळी गाजरं तशीच पडलेली बघून त्यातल्या एकीने रडून आकांत केला. शेवटी ताईने, म्हणजे माझ्या मेव्हणीने, ती गाजरं गुपचूप कोशिंबिरीत घातली आणि मुलांना सांगितलं की सगळी संपली. तेव्हा कुठे त्या कॅम्पात शांतता नांदली.

ताई त्या डब्याला 'आमचं शेंडेफळ' म्हणायची. आयरिश लोक कुठल्याही तिऱ्हाईत माणसाला 'युअर मॅन' म्हणतात, म्हणून डॉक्टरांची मुलगी सई त्याला 'युअर मॅन' म्हणायची. "बाबा, युअर मॅन ग्रँड आहे का?" असं ती ठसक्यात विचारायची (ग्रँड म्हणजे तिकडे नुसतं 'ठीक') आणि डॉक्टर त्यातली थट्टा बाजूला काढून उरलेल्या प्रश्नाचं मनापासून उत्तर द्यायचे. एकदा तर हॉस्पिटलमधून, दोन ऑपरेशनांच्या मध्ये, त्यांनी ताईला फोन केला की मुसळधार पाऊस येतोय, डबा ठीक आहे ना? डबा तेव्हा गॅरेजमध्ये, कपाटात, खोक्यात होता. "मी त्याला वरणभात भरवलाय आणि झोपवलंय," असं म्हणून ताईने फोन ठेवला. डॉक्टरांच्या आईंना मात्र मुलाची काळजी अगदी रास्त वाटायची. त्या नागपूरहून व्हिडिओ कॉलवर मापं घ्यायच्या. "बाबू, त्याले नाडी लावू का बटन?" असा विचारविनिमय व्हायचा. मग रेक्झिनचं, आतून जुन्या दुलईचं अस्तर लावलेलं कव्हर पार्सलने आलं. त्याच्या कडेला त्यांनी हौसेने लाल गोट शिवला होता.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात प्रकरण गंभीर झालं. सईची शाळा संपली आणि सप्टेंबरात ती इंजिनिअरिंगला लिमरिकला जाणार असं ठरलं. त्याआधी तिघांनी मिळून एक शेवटची सहल करावी, अशी डॉक्टरांची फार इच्छा. आधीच्या दोन सहली सईने चुकवल्या होत्या. त्याच्याही आधीच्या एका सहलीत वीज गेली होती आणि तिला फोनशिवाय, ओल्या केसांनी, थंडगार गाडीत बसून बाबांचं भूलशास्त्रातल्या गमतीजमतींवरचं भाषण ऐकावं लागलं होतं. यावेळी तिने सरळ सांगून टाकलं. "ओके, येते मी. पण वीज गेली ना बाबा, की मी बस पकडून घरी. नो ड्रामा."

डॉक्टरांनी मला ब्लँचर्डस्टाउनला, म्हणजे डब्लिनजवळ आम्ही राहतो तिथे, फोन केला. "तुम्ही दोघं पण या रे. घरात आम्ही तिघं तीन खोल्यांत असतो. मी ड्यूटीवरून येतो तेव्हा तिचं दार बंद असते. गाडीत कसं, सगळे एकाच ठिकाणी. पाय पसरला तरी कोणाला तरी लागते." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "या वेळी वीज जाऊन नाही चालणार." हा माणूस एरवी मला हसूच आणतो. त्या दिवशी मात्र हसू आलं नाही.

आम्ही गेलो. समुद्राकाठचा कॅम्प, आमच्या दोघांसाठी शेजारीच भाड्याचं लाकडी खोपटं. डॉक्टर आल्याआल्या कामाला लागले. ऑपरेशनच्या आधी हात धुवावेत तसे हात धुतले, कोरडे केले आणि डब्याभोवती पहिल्यांदा चिकटफिल्मचे वेढे घातले. त्यावर फ्रीजरची झिपची पिशवी. पिशवीत ओल शोषायला तांदळाच्या पुरचुंड्या. मग दह्याचा मोठा प्लास्टिकचा डबा कापून त्याचं टोपण. त्यावर आईंचं लाल गोटाचं कव्हर, नाडी घट्ट. आणि प्रत्येक फटीवर चिकटपट्टी. शेवटी तो ऐवज एवढा मोठा झाला की खांबाला लटकेना, तेव्हा खुर्चीवर उशी देऊन बसवला. "आता येऊ दे कुठून येतो पाऊस तो," डॉक्टर म्हणाले आणि हात झटकले.

पहिला दिवस फार छान गेला. सई बाबांच्या शेजारी बसून पत्ते खेळली, बाबांची लबाडी पकडली, ताईच्या थालीपिठांना नावं ठेवत चार खाल्ली. डॉक्टर इतके खूश होते की त्यांनी स्वतःच्या फोनवरचं कव्हर काढून तो आम्हाला दाखवला. फोन निळा होता. ताईलाही ते त्या दिवशीच कळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समुद्राकडून आडवा पाऊस आला. हीटर चालू, किटली चालू, सईचं केस सरळ करायचं यंत्र चालू. आणि एकदम सगळं गप्प झालं. फ्रिजची घरघरसुद्धा थांबली. आम्ही सगळे सईकडे बघत होतो आणि डॉक्टर स्वतःच्या पायांकडे. सई उठली, बूट घातले, जॅकेट चढवलं. डॉक्टरही उठले. "थांब, स्टॉपपर्यंत सोडतो तुले," ते हळूच म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलं की त्यांचं नागपूर असं बाहेर येतं.

"कुठला स्टॉप? टॉर्च धर," सई म्हणाली आणि बाहेर गेली.

आम्ही खिडकीला नाकं लावून बघत होतो. तिने आधी खांबावरचं बटण बंद केलं. मग त्या गाठोड्याशी झटापट सुरू झाली. नाडी सुटेना, चिकटपट्टी निघेना. दह्याचा डबा वाऱ्याने उडून शेजाऱ्यांच्या तंबूवर आपटला. शेवटी एकदाची पिशवी उघडली तशी आतून चक्क वाफ आली. बाहेर एवढा पाऊस पडत होता, पण त्याचा एक थेंबही आत गेला नव्हता. डबा आतल्या आत तापला होता, आतल्या हवेला घाम फुटला होता, तांदूळ अर्धवट शिजल्यासारखे फुगले होते, आणि त्या शहाण्या यंत्राने जीव वाचवायला स्वतःलाच बंद करून घेतलं होतं.

"बाबा, फील इट," सई म्हणाली. डॉक्टरांनी हात लावला. "याला श्वासच घेता येत नाहीये. यू, ऑफ ऑल पीपल."

जन्मभर दुसऱ्यांचा श्वास सांभाळणारा माणूस पावसात नुसता उभा राहिला. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून डबा पुसायला घेतला, आणि तो पूर्ण गार होईपर्यंत दोघं आपल्या अंगाचा आडोसा करून थांबले. सईने तो खांबाला टांगला, तोंड खाली करून, केबलला खाली झोळ ठेवून, म्हणजे पाणी ओघळून तिथूनच गळेल. वर काहीही नाही. तिने बटण दाबलं. पण डबा लगेच वीज देईना. त्याची आधी विजेची खात्री करून घ्यायची पद्धत असते. तेवढा वेळ बापलेक पावसात डब्याकडे बघत उभे होते. ती काहीतरी समजावत होती, ते मान हलवत होते. मग आमच्या डोक्यावरचा दिवा लागला आणि ताई, जी कधी डोळ्यांतून पाणी काढत नाही, ती कांदा चिरायला म्हणून उठली. कांदा कशासाठी लागणार होता कुणास ठाऊक.

सई बसने गेली नाही. डॉक्टर मात्र रात्रीचं जेवण होईपर्यंत खिडकीशी बसून होते. उघड्या डब्यावर धो धो पाऊस पडत होता, त्यांचे हात सारखे शिवशिवत होते, आणि दर वेळी ते उठायला लागले की सई नजर न उचलता म्हणायची, "बाबा, बस खाली." सहल संपेपर्यंत वीज एकदाही गेली नाही. डॉक्टरांना याचा आनंद झाला, आणि जरासा अपमानही वाटला असावा.

सप्टेंबरात सईला लिमरिकला सोडायला मीच त्यांच्याबरोबर गेलो. ताईची रजा संपली होती आणि सामान व्हॅनभर होतं. सामानाला अर्थातच प्लास्टिक, प्लास्टिकला दोरी. सगळं तिच्या खोलीत लावून झालं. डॉक्टरांनी खोलीतल्या टेबललॅम्पकडे दोनदा रोखून बघितलं आणि दोन्ही वेळा हात खिशात घातले. आम्ही पार्किंगमध्ये आलो, सई निरोप द्यायला खाली आली, आणि नेमका पाऊस सुरू झाला. तिने बाबांना मिठी मारली, मला टाटा केलं आणि डोक्यावर काही न घेता हॉस्टेलच्या दाराकडे चालू लागली. तिची जॅकेटची टोपी पाठीवर लोंबत होती.

डॉक्टरांच्या हातात छत्री होती. ती घेऊन ते दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. मी म्हटलं, "डॉक्टर, भिजतेय ती." ते म्हणाले, "दिसते मले." पण जागचे हलले नाहीत. मिटलेली छत्री दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले. मला तेव्हा त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण आमच्यात तसं कधी झालेलं नाही, म्हणून मीही त्यांच्या शेजारी भिजत राहिलो.

दारापाशी पोचून सई वळली. आम्हा दोघांना तसं उभं बघून तिने क्षणभर डोक्याला हात लावला आणि तिथूनच ओरडून सांगितलं, "बाबा, छत्री उघड ना. भिजतोयस तू."

डॉक्टरांनी आज्ञाधारकपणे छत्री उघडली. ती आत गेली, दार लागलं, काचेमागे थोडा वेळ तिचं लाल जॅकेट दिसलं आणि मग तेही दिसेनासं झालं. पाऊस मधेच थांबला, तरी ते छत्री धरून तसेच उभे होते, आणि त्यांना ती मिटायला सांगणं काही माझ्याच्याने झालं नाही.