बाबांच्या वजनाचे तीन चिरे

भंगारात घेतलेली छोटी चारचाकी पहिल्यांदा चालवली तेव्हा हातखंब्याला खड्डा लागला आणि माझी दाढ निवळी घाटात सापडली. थोडं वाढवून सांगतोय. दाढ नव्हे, दाढेतली चांदी. पण मागच्या स्प्रिंगा पार बसलेल्या होत्या, हे खरं. रस्त्यात कुणी पान खाऊन थुंकलेलं असलं तरी मागच्या सीटवर कळायचं.

ती गाडी मला बाबांसाठी हवी होती. त्यांची थोरली बहीण वेळणेश्वरला. आई गेल्यापासून बाबांचं एकच पालुपद, "अक्काकडे जायचंय." आणि मणका असा की एसटीचं नाव काढलं तरी कळ यायची. म्हणून ठरवलं, गाडीचं मागचं बूड असं करायचं की हवं तेव्हा उचलता येईल, हवं तेव्हा बसवता येईल, आणि बाबा पाळण्यातल्यासारखे आत्याच्या दारात उतरतील.

बाजारात मिळणाऱ्या तसल्या सामानाच्या किमतीत आमच्या आळीत लग्न होतं. मदतीला आले शेजारचे चाचा. उभा जन्म ट्रॉलरच्या इंजिनापाशी गेलेला, आणि फेकाफेकीत माझे गुरू. एकदा वादळात पंखा तुटला तेव्हा त्यांनी म्हणे परातीचा पंखा करून बोट बंदरात आणली होती.

युक्ती त्यांचीच. स्लॅब घालताना खालून लोखंडी टेकू लावतात, त्यांना जाड आटे आणि मोठा नट असतो. तो आट्यांचा तुकडा कापून स्प्रिंगच्या बुडाशी बसवायचा. नट फिरवला की गाडी वर, उलटा फिरवला की खाली. लेथवाल्याने कपाळाला हात लावला, पण करून दिलं. स्प्रिंगा एका मोठ्या गाडीच्या भंगारातून काढल्या.

"कडक वाटतायत, चाचा."

"तुझा बाप काय कापसाचा आहे? भरदार गडी तो!"

मोजमापासाठी बाबांना अंगणात बोलावलं, तर ते ओट्यावरूनच ओरडले, "मला कशाला गाडीत कोंबतोस मेल्या! तीन चिरे ठेव सीटवर. वर एक नारळ. तेवढा भरतो मी."

आमच्याकडे वजनाची बढाई सगळेच मारतात. तरुणपणी बाबा होडीत चढले की होडी विचारायची, बाकीचे उद्या आले तर चालेल का? म्हणून मी तीन चिरे ठेवले, वर नारळसुद्धा ठेवला, आणि त्या हिशोबाने गाडी लावली. तिचं बूड असं झकास बसलं की चाचांनी तिला सलाम केला.

त्या सगळ्या काळात मी दिवसभर गाडीखाली. घरात आम्ही दोघे पुरुष, जेवण खाणावळीच्या डब्यातलं. बाबा डबा उघडायचे, झाकायचे, म्हणायचे, "तू खा, मला नंतर बघू." मी गाडीखालून "बरं" म्हणायचो.

निघायच्या सकाळी बाबा धुतलेलं धोतर नेसून मागे बसले. गाडी हललीच नाही. म्हणजे चालू झाली, पण मागचं बूड तसूभर खाली गेलं नाही. जणू सीटवर कुणी टोपी ठेवली होती. मी नट उतरवत गेलो, आटे संपले. उंची कमी झाली, कडकपणा तसाच. गल्लीच्या तोंडाशी पहिल्याच गचक्याला बाबांनी ओठ चावला.

चाचा माझ्याकडे बघेनात. "रिकामी होडी उडते," ते शेवटी म्हणाले. "तिच्यात नीरम भरतात. दगड."

मग तेच तीन चिरे डिकीत गेले आणि गाडी खरोखर शांत चालायला लागली.

"म्हणजे मी आणि माझं वजन वेगवेगळे चाललोय," बाबा म्हणाले. मी खूप मोठ्याने हसलो. इतक्या मोठ्याने हसायची गरज नव्हती.

जयगडला फेरीबोटीच्या उतारावर सायलेन्सर घासू नये म्हणून नट फिरवून बूड उचललं, पलीकडे तवसाळला परत बसवलं. धक्क्यावरची माणसं गोळा होऊन बघत होती. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा विजय असायला हवा होता.

आत्या अंगणात उभी होती. बाबा दार धरून उतरले. तिने त्यांचं मनगट हातात घेतलं, बोटांनी चाचपलं. मग आत जाऊन तिने चुलीवर तांदूळ चढवले.

चार दिवसांसाठी गेलेले बाबा राहिलेच. फोनवर म्हणायचे, "तुझ्या डब्यात परत बसायची छाती नाही. मऊ स्प्रिंगा घाल, मग बघू." मी घातल्या. हलक्या, नव्या, नीट बघून घेतलेल्या. दिवाळीनंतर त्यांना आणायला गेलो.

बाबा डुलत आले, मागे बसले, आणि गाडी खाली गेली. चांगली वीतभर. हे मात्र मी वाढवून सांगत नाही. गालांवर मांस होतं, सदरा पोटावर ताणला होता. देवळापर्यंत आणि किनाऱ्यापर्यंत त्यांना फिरवून आणलं. तोंडातून एकदाही 'आई गं' आलं नाही.

"झाली की रे मस्त!"

"मग सामान भरू? निघूया?"

त्यांनी आत्याच्या घराकडे बघितलं. आत कुळथाच्या पिठीला फोडणी बसली होती.

"मला इथे भूक लागते रे," ते म्हणाले. अगदी हळू, मला लागू नये म्हणून.

मी नटाशी काहीतरी करत बसलो. नटाला काही झालेलं नव्हतं. दुपारी बाबा स्वतः पान वाढायला उठले. माझ्यापुढे भाताचा डोंगर, त्यावर तळलेल्या बांगड्याचा मोठा तुकडा. "घे अजून. लाजू नकोस," म्हणत मला आग्रह करत राहिले, पाहुण्याला करतात तसा.